मुकी फेरी: तिसरीच्या इंग्रजी श्रवणपाठांचं एक प्रकरण

नाशिक शहरातून गिरणाऱ्याकडे निघालं की द्राक्षबागा आणि टोमॅटोचे मळे मागे पडत जातात आणि त्र्यंबकच्या बाजूचे डोंगर जवळ येतात. या पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळांच्या एका केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटात, चार शिक्षकांनी मिळून तिसरीच्या मुलांसाठी इंग्रजी ऐकण्याचे छोटे ध्वनिपाठ तयार केले. तज्ज्ञांनी ते पसंत केले, मुलांना आवडले, चाचणीत गुणही घसघशीत पडले. अहवाल लिहून झाला होता. मला बोलावणं आलं ते त्याला बाहेरच्या माणसाचा शेरा जोडायचा म्हणून. शाळांची आणि शिक्षकांची नावं इथे घेत नाही, कारण जे या केंद्रात घडलं ते कुठल्याही केंद्रात घडतं. बाकी ठिकाणी कुणी बघायला जात नाही इतकंच.

अहवालाचा निष्कर्ष एका ओळीचा होता: ध्वनिपाठांमुळे विद्यार्थ्यांच्या इंग्रजी श्रवणकौशल्यात लक्षणीय वाढ झाली. हे प्रकरण त्या एका ओळीचं आहे.

पाठ का आणि कसे बनले

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज वर्गावर उभे असलेले कितीतरी तरुण शिक्षक स्वतः पहिलीपासून इंग्रजी शिकून आलेत. तरी तिसरीच्या तासाला गेलात तर इंग्रजी कानावर पडतं ते तुकड्यातुकड्यांनी. बाई एक वाक्य वाचतात, लगेच मराठीत अर्थ सांगतात, मुलं शेवटचे दोन शब्द एका सुरात म्हणतात. नाशिक शहरात गंगापूर रोडवरच्या एखाद्या मुलाला निदान कार्टून असतं, शिकवणी असते, सोसायटीतली इंग्रजी माध्यमाची पोरं असतात. इथल्या मुलांच्या घरी मराठी, काही घरांत कोकणा ही आदिवासी बोली. इंग्रजी ऐकायची जागा एकच, शाळेचा तास.

व्हिडिओ का नाही, असं मी विचारलं. शिक्षकांचं उत्तर सरळ होतं. एक फोन आणि एक ब्लूटूथ स्पीकर प्रत्येक शाळेत निघतोच. टीव्ही सगळीकडे नाही, आणि असला तरी तो ज्या खोलीत आहे तिथे सातवीचा वर्ग बसतो. वीज गेली तरी स्पीकर चालतो. शिवाय चित्र समोर हलत असलं की मुलं बघतात, ऐकत नाहीत, हे त्यांनी करोनाच्या काळात व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या व्हिडिओंवरून ओळखलं होतं. हे शेवटचं कारण मला सगळ्यात पटलं. त्यात गंमत अशी, की तोच मुद्दा त्यांच्या स्वतःच्या चाचणीला लागू पडत होता. ते पुढे येईल.

नुसत्या आवाजाने लहान मुलांना शिकवण्याची कल्पना काही नवी नाही. १९७० च्या दशकात निकाराग्वात रेडिओवरून गणित शिकवलं गेलं आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केनियात खालच्या वर्गांना रेडिओवरून इंग्रजी. त्या कार्यक्रमांची युक्ती अशी होती: आवाज प्रश्न विचारतो, थांबतो, मुलं मोठ्याने उत्तर देतात किंवा काहीतरी करून दाखवतात, मग आवाज पुढे जातो. थांबणं हा त्या कार्यक्रमाचा भागच होता. या केंद्रातल्या शिक्षकांच्या पहिल्या आवृत्तीत मात्र थांबे होते तिथे कात्री चालली होती. "मध्ये काहीच वाजत नाही म्हटल्यावर ऐकणाऱ्याला वाटतं, फाइल खराब आहे," असं संपादन करणाऱ्या सरांचं म्हणणं.

बाकी काम मनापासून केलेलं होतं. एका बाईंनी संहिता लिहिल्या. विषय गावातलेच: विहिरीवरची शेळी, आठवडे बाजार, टोमॅटोच्या कॅरेटमध्ये लपलेलं मांजर. दुसऱ्या बाईंचा आवाज आणि एका सरांच्या नववीतल्या मुलीचा आवाज. रेकॉर्डिंग घरीच, कपाटाला गोधड्या टांगून, रात्री रस्ता शांत झाल्यावर. कापाकापी ऑडासिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅमवर. फाइल व्हॉइस नोट म्हणून पाठवली की आवाज दबतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, हेही त्यांनी अनुभवाने शोधलं होतं. उच्चार कुणाचे ठेवायचे यावर म्हणे बराच वाद झाला. शेवटी ठरलं की मुलांना आधी समजेल असा, आपल्याकडच्या चांगल्या शिक्षकाचा उच्चार असू द्यावा. मला यात काही वावगं वाटत नाही. नऊ वर्षांच्या मुलाने पहिल्यांदा कुणाचं इंग्रजी समजून घ्यावं, तर जिच्याशी उद्या बोलायचं आहे तिचं.

वेगाबाबत मात्र मी बोललो. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारच्या नभोवाणीने १९५९ मध्ये शिकणाऱ्यांसाठी सावकाश इंग्रजीतल्या बातम्या सुरू केल्या, सुमारे दीड हजार शब्दांच्या मर्यादेत. तेव्हापासून नवशिक्यांसाठी 'हळू बोला' हा सल्ला रुळला आहे. पण हळू म्हणजे प्रत्येक शब्दानंतर थांबणं नव्हे. या पाठांमध्ये 'द… गोट… इज… ऑन… द… वॉल' असं चाललं होतं. अशाने वाक्याचा सूर मोडतो आणि पोराच्या हाती सुटे शब्द येतात. वाक्य नेहमीच्या चालीत, जरा निवांत म्हणावं आणि खरी उसंत दोन वाक्यांच्या मध्ये द्यावी.

पहिलं मूल्यमापन

ते तीन भागांत झालं होतं आणि आपल्याकडच्या एम.एड.च्या प्रबंधांत जसं असतं तसंच होतं. पहिला भाग तज्ज्ञांची पत्रकं. विषयतज्ज्ञ, माध्यमतज्ज्ञ, अनुभवी शिक्षक. प्रत्येकासमोर विधानं आणि एक ते पाच अशी श्रेणी. आवाज स्पष्ट आहे, भाषा वयाला साजेशी आहे, आशय अभ्यासक्रमाला धरून आहे. सरासरी काढायची, टक्केवारी करायची, ८० च्या वर गेली की 'अत्यंत योग्य'. पत्रकांसोबत तज्ज्ञांना फाइल आणि छापील संहिता दोन्ही पाठवलेल्या होत्या.

दुसरा भाग मुलांचा अभिप्राय. हसरा चेहरा, सरळ चेहरा, रडका चेहरा. जवळजवळ सगळ्यांनी हसऱ्याला रंग दिला. तिसरीतलं मूल गुरुजींनी बनवलेल्या गोष्टीला गुरुजींच्या समोर रडका चेहरा देत नाही. त्यातून काही कळलं असं मानायचं कारण नाही.

तिसरा भाग चाचणी. बारा वाक्यं स्पीकरवर, प्रत्येकाला तीन चित्रं, योग्य चित्रावर खूण. काही प्रश्न रंगवायचे. पाठ सुरू करण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा, तीच चाचणी. नंतरच्या फेरीत बहुतेक मुलांचे जवळपास सगळे प्रश्न बरोबर आले.

तीच चाचणी दोनदा दिल्यावर दुसऱ्यांदा गुण वाढतातच, हा आक्षेप कुणीही घेईल. मधल्या काळात बाईंनी तेच शब्द फळ्यावरही शिकवले होते, हा दुसरा. पण चाचणीचा कागद हातात घेतल्यावर मला तिसरीच शंका आली, आणि ती तपासायला फार खटपट लागणार नव्हती.

आवाज कधी येणार?

शेजारच्या केंद्रातल्या एका शाळेत तिसरीचा साधारण तसाच वर्ग होता. तिथे हे पाठ पोचलेलेच नव्हते. आम्ही तोच चाचणीचा कागद तिथे वाटला, सूचना मराठीत दिल्या आणि स्पीकर पिशवीतच ठेवला. "फक्त चित्रं बघा. तुम्हाला जे बरोबर वाटतं त्याच्यावर खूण करा."

थोडा वेळ शांतता. मग एका मुलीने हात वर केला. "सर, आवाज कधी येणार?"

"आज आवाज नाही."

"मग कसं ओळखायचं?"

तिच्या शेजारचा मुलगा मान वर न करताच म्हणाला, "अगं, माकड झाडावरच असतं ना."

वाक्य होतं 'द मंकी इज ऑन द ट्री'. चित्रं तीन: झाडावर माकड, पलंगाखाली माकड, गाडीत माकड. ज्याने जन्मात इंग्रजी ऐकलेलं नाही, तोही झाडाकडेच बोट दाखवेल. रंगवायच्या प्रश्नात 'कलर द ॲपल रेड' होतं. सूचना मी फक्त 'फळ रंगवा' एवढीच दिली होती. वर्गातले लाल खडू एकदम कमी पडायला लागले. एकाच मुलाने हिरवा घेतला. त्याला विचारलं तर म्हणाला, "पेरू आहे." आधीच्या हिशेबात हा मुलगा श्रवणकौशल्यात कच्चा ठरला असता.

हिशेब असा मांडायचा. बारा प्रश्न, प्रत्येकी तीन पर्याय. डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी चार बरोबर येतात. म्हणजे या चाचणीचं शून्य हे मुळात चारवर आहे. आवाज न ऐकता मुलांना चारच्या आसपास मिळाले, तर चित्रं उत्तर फोडत नाहीत असं म्हणता येतं. इथे निम्म्याहून जास्त प्रश्न बहुतेक मुलांनी स्पीकर बंद असताना बरोबर सोडवले. इंग्रजीचा एक शब्द न ऐकता.

शिक्षकांनीच या फेरीला 'मुकी फेरी' असं नाव दिलं आणि ते आता केंद्रात रुळलंय.

प्रश्नांची चिरफाड

दुसऱ्या दिवशी केंद्रशाळेत बसून आम्ही एकेक प्रश्न पुढे घेतला. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण श्रवणाच्या चाचण्या बिघडतात त्या याच जागी, आणि पत्रकांवरच्या श्रेणींमध्ये यातलं काहीही दिसत नाही.

माकड आणि सफरचंदाचे प्रश्न जगाच्या ज्ञानावर सुटत होते. सूर्य पिवळा, गाय गवत खाते, मासा पाण्यात. त्यावर उपाय सोपा आणि मुलांना आवडणारा: जग थोडं उलटं करा. 'कलर द ॲपल ब्लू'. निळं सफरचंद पाहून वर्ग हसतो, पण ज्याने ऐकलं तोच निळा खडू उचलतो. माकड पलंगाखाली घाला.

दुसरा प्रकार एका शब्दाच्या आधाराचा. 'द कॅट इज अंडर द टेबल' या वाक्याला चित्रं होती: टेबलाखाली मांजर, खुर्चीवर कुत्रा, गोठ्यात गाय. मुलाला 'कॅट' एवढंच कळलं तरी काम झालं, 'अंडर' वाऱ्यावर. मांजर तिन्ही चित्रांत पाहिजे आणि टेबलही तिन्ही चित्रांत. फरक फक्त वर, खाली आणि शेजारी. मग पोराला वाक्याच्या मधोमध कान द्यावा लागतो.

तिसऱ्या प्रकारात 'बस', 'बॅट', 'बॉल', 'टेबल', 'डॉक्टर'. हे शब्द इथल्या प्रत्येक घरात मराठी म्हणूनच नांदतात. ते ओळखले तर मुलाचं मराठी चांगलं आहे असा निष्कर्ष निघतो. अशा शब्दांना चाचणीत बंदी नाही. उलट वाक्याला टेकू म्हणून ते उपयोगी पडतात. फक्त गुण त्यांच्यावर देऊ नयेत. आकड्यांत हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसली. 'फिफ्टीन' की 'फिफ्टी' असा प्रश्न आला की बहुतेक मुलं पन्नासवर खूण करत. कारण शोधायला लांब जायला नको, क्रिकेट आहे.

चौथी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती, ती संहिता लिहिणाऱ्या बाईंनी पकडली. चित्रं काढणाऱ्या सरांनी प्रत्येक प्रश्नाचं बरोबर चित्र आधी आणि निगुतीने काढलं होतं, बाकीची दोन वेळ संपत आल्यावर. बरोबर उत्तराच्या शेळीला दाढी, शिंगं, गळ्यात घंटा. चुकीच्या शेळ्यांना नुसते चार पाय. कागद हातभर लांब धरला तरी उत्तर कळत होतं. सर हसले आणि म्हणाले, "आता चुकीची आधी काढतो."

उलट्या टोकाचेही दोन प्रश्न निघाले, कितीही नीट ऐकलं तरी न सुटणारे. 'शिप' आणि 'शीप' असा भेद त्यांत विचारला होता. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घ 'इ'वर अर्थ ठरत नाही, त्यामुळे हा फरक आपल्या कानाला सहज लागत नाही. मोठ्यांनाही सराव लागतो. तिसरीच्या पहिल्या ध्वनिपाठांच्या चाचणीत त्याचं काही काम नाही. काढून टाकले.

हे सगळं चालू असताना आवाज देणाऱ्या बाई गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सर, आमचे पाठ ऐकून मुलं काहीच शिकली नाहीत?"

याचं प्रामाणिक उत्तर 'माहीत नाही' हेच होतं. शिकलीही असतील. पण या कागदावरून ते सांगता येत नव्हतं. तज्ज्ञांच्या पत्रकांचीही तीच गत. संहिता हातात घेऊन ऐकलं की आवाज स्पष्टच वाटतो, कारण कानाला जे कमी पडतं ते डोळे भरून काढतात. मुलांच्या हातात चित्रं होती, तज्ज्ञांच्या हातात संहिता आणि शिक्षकांच्या डोक्यात स्वतः लिहिलेली वाक्यं. नुसत्या कानाने हे पाठ तोवर कुणीच ऐकले नव्हते. यापुढे तज्ज्ञाला आधी फक्त फाइल द्यायची, ऐकलेलं त्याने लिहून काढायचं, आणि मग संहिता, असा क्रम आम्ही ठरवला. वर्गातल्या शेवटच्या रांगेत बसून ऐकलं तर आणखी चांगलं.

शेवटची रांग

त्या शेवटच्या रांगेत मी बसलो. पत्र्याचं छप्पर, सिमेंटच्या भिंती, फरशीवर सतरंज्या, डोक्यावर खडखडणारा पंखा, शेजारच्या खोलीत पाढे. स्पीकर पुढे टेबलावर, फळ्याला टेकून. बाईंचा आवाज येत होता, पण शब्दांच्या कडा येत नव्हत्या. 'बुक' आणि 'बुक्स' एकसारखे. गाण्यासाठी खाली सोडलेलं संगीत गोष्टीच्या वाक्यांखालीही तसंच चालू होतं, आणि इंग्रजीतले 'स', 'फ', 'थ' हे बारीक आवाज सगळ्यात आधी अशा गोंगाटात बुडतात.

वर्गखोल्यांसाठीच्या अमेरिकी ध्वनिमानकात रिकाम्या वर्गातला गोंगाट ३५ डेसिबलच्या आत आणि आवाज घुमण्याचा काळ ०.६ सेकंदाच्या आत असावा असं म्हटलंय. बोलणाऱ्याचा आवाज गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबलने वर असावा असाही दंडक सांगितला जातो. पत्र्याखालच्या खोलीला हे लावायला गेलो तर हसू येईल; पावसाळ्यात तर समोरासमोर बोललेलं कळत नाही. पण हे आकडे का आहेत ते लक्षात घ्यावं. मोठ्यांपेक्षा लहान मुलांना गोंगाटातून शब्द वेगळे काढणं जड जातं आणि परक्या भाषेत आणखी जड. आपण मराठीत अर्धं ऐकून उरलेलं अंदाजाने भरतो. ती सोय या मुलांना इंग्रजीत अजून नाही.

यावर जे केलं त्याला खर्च आला नाही. स्पीकर टेबलावरून उचलून वर्गाच्या मधोमध पाटावर ठेवला आणि मुलं त्याच्याभोवती गोल बसवली. अंतर निम्मं झालं की थेट येणारा आवाज चांगलाच वाढतो, घुमणारा मात्र तेवढाच राहतो. पंखा पाच मिनिटं बंद. बोलण्याखालचं संगीत काढलं, गाण्यापुरतं ठेवलं. पाऊस असेल तर त्या दिवशी पाठ नाही, पाढे घ्यावेत.

चिंचोके

नव्या चाचणीसाठी कागद जवळजवळ बाजूलाच ठेवला. प्रत्येक मुलासमोर एक पुस्तक, एक दप्तर, पाच चिंचोके. स्पीकरवर वाक्य येतं: 'पुट टू सीड्स अंडर द बुक'. मुलाने करायचं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली पद्धत हीच: आधी ऐकून शरीराने उत्तर द्या, बोलणं मागाहून येईल. आपल्याकडे प्रशिक्षणांत तिचं नाव घेतात आणि 'स्टँड अप, सिट डाउन' झालं की सोडून देतात. इथे ती थेट मोजमापाला वापरली. 'बुक' आणि 'बॅग' मुलांना येतातच; तपासायचं होतं ते 'टू' की 'थ्री', 'ऑन' की 'अंडर' की 'इन'. चिंचोक्यांना जगाच्या ज्ञानाची मदत नाही. चिंचोका पुस्तकाखालीच असतो असं कुणी म्हणणार नाही.

एक अडचण पहिल्याच मुलाला आली नाही, आम्हाला आली. वाक्य संपलं की बाईंची नजर आपोआप पुस्तकाकडे जायची आणि मुलगा वाक्याऐवजी बाईंचे डोळे वाचायचा. मग बाईंनी पाठमोरं बसायचं आणि नोंद दुसऱ्या शिक्षकाने मागून घ्यायची असं केलं. बघून करणं टाळायला एका वेळी एकच मूल, बाकीची ओसरीवर.

निकाल मुलांच्या बाजूने अर्धाच लागला. वस्तूंची नावं, रंग, पाचपर्यंतचे आकडे, 'ऑन' आणि 'इन' बहुतेकांना ऐकून कळत होते. 'अंडर' काहींना. 'बिहाइंड' जवळपास कुणालाच नाही. दोन टप्प्यांच्या वाक्यात मजेशीर गोष्ट दिसली. 'टेक द पेन्सिल अँड पुट इट इन द बॅग' म्हटलं की एका मुलीने हाताला लागलेला चिंचोका दप्तरात टाकला आणि शांतपणे पुढच्या वाक्याची वाट बघत बसली. वाक्याचं शेपूट तिच्यापर्यंत पोचलं होतं, डोकं नाही. तिच्यासारखी बरीच निघाली. नव्या भाषेतले आवाज लहान मूल फार वेळ डोक्यात धरून ठेवू शकत नाही; दुसरा तुकडा आला की पहिला निसटतो.

हे कळल्यावर पाठांचं संपादन पुन्हा झालं आणि कापलेले थांबे परत आले. आधी 'टेक द पेन्सिल', मग थांबा, मुलं पेन्सिल उचलतात, मग 'पुट इट इन द बॅग'. पुढच्या पाठांत तो थांबा हळूहळू आखूड. थांबा किती हवा याचं उत्तरही वर्गातच मिळालं: सगळ्यात सावकाश मुलाचा हात वस्तूपर्यंत पोचेपर्यंत. 'बिहाइंड'साठी नवी गोष्ट लिहिली. शेळी कॅरेटच्या मागे लपते आणि आजी तिला कॅरेटवर, कॅरेटमध्ये, कॅरेटखाली शोधते. मुलं दर वेळी ओरडून 'नो!' म्हणतात. हा पाठ मला सगळ्यांत उजवा वाटतो. काही आठवड्यांनी चिंचोके पुन्हा मांडले तेव्हा 'अंडर' आणि दोन टप्प्यांची वाक्यं बरीच सुधारलेली होती. 'बिहाइंड' मात्र अजून डळमळीत.

एक तुलना अचानकच झाली. एका शाळेत स्पीकर चार्ज नव्हता, म्हणून बाईंनी तीच वाक्यं तोंडी घेतली आणि मुलांनी फारच छान केलं. बाईंचा हात 'अंडर' म्हणताना खाली जात होता. शिकवताना हात जावाच, त्यात चूक काहीच नाही, लहान मूल तसंच शिकतं. ध्वनिपाठाची जागा त्याच्या पुढची: हातवाऱ्यासह समजलेलं वाक्य आता हाताशिवाय समजतं का. त्यामुळे आधी बाई, मग स्पीकर असा क्रम पाठांच्या सूचनापत्रकात लिहिला गेला.

हसऱ्या चेहऱ्यांचं पत्रक गेलं. त्याऐवजी पाठ चालू असताना एका शिक्षकाने मागे बसायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला, किती मुलं सांगितलेलं करताहेत आणि किती दुसरीकडे लागलीत, एवढंच टिपायचं. बाजाराच्या गोष्टीत भाज्यांची यादी सुरू झाली की खाली कुजबूज सुरू होते, हे त्या नोंदीतून दिसलं. यादी तीन भाज्यांवर आली.

केंद्रात काय ठरलं

अहवाल मागे घ्यायचा का, यावर शिक्षण परिषदेत खडाखडी झाली. एका ज्येष्ठ गुरुजींचं म्हणणं, चांगल्या कामाला नख लावू नका, वरिष्ठांना आकडे हवे असतात आणि आधीचे आकडे छान होते. चिंचोक्यांची चाचणी एकेका मुलाची घ्यावी लागते, दोन शिक्षक अडकतात, आणि द्विशिक्षकी शाळेत दोन शिक्षक अडकले म्हणजे शाळाच अडकली. हा आक्षेप खोटा नाही. मला त्यावर पूर्ण उत्तर सापडलेलं नाही.

मधला मार्ग निघाला. सगळ्या मुलांसाठी चित्रांचा सुधारलेला कागद. पण तो आधी पाठ न ऐकलेल्या एखाद्या वर्गात मुक्या फेरीतून जाईल, आणि ज्या प्रश्नाला मुलं आवाजाशिवाय अंदाजापेक्षा बरीच जास्त बरोबर उत्तरं देतील तो बदलायचा. चिंचोक्यांची चाचणी प्रत्येक वर्गात चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या थोड्या मुलांची, आणि ती शेजारच्या शाळेतला शिक्षक येऊन घेईल, म्हणजे घरचीच नजर मदतीला नको. आधीच्या अहवालातली 'लक्षणीय वाढ' खोडली. तिच्या जागी कोणत्या प्रकारची वाक्यं किती मुलांना कळतात याचा तक्ता आला. केंद्रप्रमुखांना तो आधी रुचला नाही, कारण आढावा बैठकीत तक्ता वाचून दाखवता येत नाही. पण कोणत्या शाळेत 'अंडर'वर काम करायचं आणि कुठे दोन टप्प्यांच्या वाक्यांवर, हे त्यातून लगेच दिसतं, म्हणून शिक्षकांनी तो ठेवून घेतला.

माझा शेरा शेवटी अर्ध्या पानाचा झाला. त्यात पाठ चांगले आहेत असं लिहिलं, कारण दुसऱ्या आवृत्तीचे खरोखर आहेत. पाठांमुळे श्रवण वाढलं असं लिहिलं नाही; तेवढं म्हणायला पाठ न ऐकलेल्या मुलांचीही चिंचोक्यांची चाचणी दोन्ही वेळा व्हायला हवी, आणि ती यंदा झालेली नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शेजारच्या केंद्रातल्या दोन शाळा त्यासाठी तयार आहेत. चित्रं काढणाऱ्या सरांनी चौथीच्या पाठांची चित्रंही घेतली आहेत. पहिला कागद मुक्या फेरीत गेला, आणि छत्रीचा एक प्रश्न परत आला. तिन्ही चित्रांपैकी एकातच पाऊस पडत होता.